वाऱ्यात बंद होणारा पूल

नॉटिंगहॅम सोडून आम्ही या गावी आलो ते पुलाच्या भरवशावर. घर नदीच्या एका काठाला, मी नोकरी करते ते फिजिओ क्लिनिक दुसऱ्या. मधे हा जुना झुलता पूल, एकाच कुटुंबाच्या मालकीचा. टोल दिला की पाच मिनिटांत पलीकडे. सात महिन्यांच्या प्रबुद्धला सासूबाईंकडे सोडून आज पहिल्यांदा कामावर गेले होते. तो बाटली तोंडात घेत नाही. विक्रांतला, म्हणजे नवऱ्याला, सांगूनच ठेवलं होतं, आजचा दिवस निभला तर नोकरी, नाहीतर राजीनामा.

चारला परत आले तर फाटक बंद. मालकीणबाई केबिनमधून बाहेर आल्या. एवढ्या वाऱ्यात गाड्या सोडत नाही, म्हणाल्या. पायी जायचं तर जोर ओसरल्यावर, एका वेळी एकच माणूस. वळसा घालून तास सहज गेला असता.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, फोन केला. मागे प्रबुद्धचं रडणं. मी निघाल्यापासून घोटभरही प्यायला नव्हता. ते ऐकूनच माझा युनिफॉर्म पुढून दुधानं भिजला. कोट ओढून घेतला, येरझाऱ्या घातल्या, पाचदा विचारलं, आता सोडता का. मालकीणबाई पुलाच्या साखळ्यांकडे बघत राहिल्या. तोवर राजीनाम्याचा मेल मनात लिहूनही झाला.

शेवटी फाटक उघडलं. पायाखाली फळ्या वर-खाली होत होत्या. कठडा धरून, खाली न बघता चालले. अर्ध्यात पोचले तर पलीकडे प्रबुद्धची प्रॅम. या वाऱ्यात बाहेर पडू नका, असं मी आईंना बजावलं होतं.

आईंनी त्याला स्वतःच्या स्वेटरमध्ये गुंडाळलं होतं. बस स्टॉपच्या आडोशाला मी त्याला अंगावर घेतलं. हुंदके देत, घाईघाईनं प्यायला लागला. माझं बोट मुठीत घट्ट.

"आई, मी नाही जाणार उद्या."

"आणि घरी बसून काय करणारेस, माझ्या चुका काढत?" त्यांनी प्रॅमला ब्रेक लावला. "जेवायची सुट्टी असते ना तुला? मी आणते त्याला पुलावरून."

"तुम्हाला भीती वाटते त्या पुलाची."

"वाटते तर. याच्या रडण्याची जास्त वाटते."

"आणि उद्याही असाच वारा असला तर?"

"मग थांबेन फाटकापाशी. तू थांबलीस तशी."

प्रबुद्धनं दुसऱ्या बाजूला तोंड वळवलं. मोकळ्या हातानं मी क्लिनिकला मेसेज टाकला, उद्या जेवायची सुट्टी एकच्या ऐवजी बाराला मिळेल का.