ठिपक्यांच्या मागून

मुझफ्फर कुवेतहून कायमचा घरी आला त्याच महिन्यात रुमानाच्या अभ्यासाचं दुसरं वर्ष सुरू झालं आणि जेवणाचं टेबल दोघांच्या मध्ये आलं. त्या टेबलावर तिचा लॅपटॉप असे, वायरींचा गुंता असे, नकाशांची भेंडोळी असत. मुझफ्फरला वाटे, इतकी वर्षं परक्या मुलखात मेसच्या बाकावर जेवलो, आता आपल्या टेबलापाशी ऐसपैस बसून चहा प्यावा. पण शनिवार-रविवारी तिथे बायको कानाला हेडफोन लावून बसलेली. मग तो कप उचलून पडवीत जाई.

रुमाना देवगडच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायची. वारे, पर्जन्य, खडकांचे प्रकार हेच वर्षानुवर्षं शिकवताना तिला एक दिवस जाणवलं की आपलं स्वतःचं शिकणं कधीचं थांबलंय. मुलगी अलीजा कॉलेजसाठी कोल्हापूरला गेली तेव्हा तिने धीर करून दूरच्या एका विद्यापीठाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम धरला. नोकरी सांभाळून, घरबसल्या, ऑनलाइन. विषय जीआयएस. म्हणजे संगणकावरचे नकाशे. पण नुसते काढायचे नाहीत, तर उपग्रहाने टिपलेल्या चित्रांतून कुठे पाणी, कुठे झाड, कुठे वस्ती हे ओळखायचं आणि काय बदललं ते शोधायचं. वर्गातली बाकीची मुलं तिच्या निम्म्या वयाची. पहिल्या सत्रात तिला काही म्हणता काही जमेना, तेव्हा ती लॅपटॉपसमोर चक्क रडली होती. सासूने, सलीमाने, काही न विचारता चहा आणून शेजारी ठेवला होता.

मुझफ्फरला यातलं काही ठाऊक नव्हतं असं नाही. फोनवर ती सांगायची. पण तो आजवर दोन वर्षांतून एकदा, महिन्याभरासाठी येणारा नवरा. त्या महिन्यात घरात रोज सुरमई तळली जायची, नातेवाईक येऊन बसायचे आणि बॅगा भरायची वेळ कधी आली ते कळायचंही नाही. आता तो रोज घरात होता आणि दोघं एकमेकांशी फार अदबीने वागत होती.

"चाय घेतलात?"

"घेतलंय."

"पंखो बंद करू?"

"कर."

भांडण असं कधी झालंच नाही. भांडायलाही थोडी सलगी लागते.

दुसऱ्या वर्षी रुमानाला प्रकल्प करायचा होता. तिने आपलाच तालुका निवडला. गेल्या वीस वर्षांत हापूसच्या बागा कुठे वाढल्या, काजू कुठे आला, जंगल कुठे उरलं. संगणकाने उपग्रहाच्या चित्रावरून सगळ्या तालुक्याला रंग देऊन टाकले. पण आकाशातून बघितलं तर आंबाही हिरवा, काजूही हिरवा आणि रानही हिरवंच. म्हणून तिच्या मार्गदर्शक विनीता मॅडम म्हणाल्या, "आता संगणकाला नकाशावर कुठेही ठिपके टाकायला लावा. आपल्या सोयीचे नकोत. आणि मग प्रत्येक ठिपक्यावर स्वतः जाऊन उभ्या राहा. संगणक खरं बोलतोय की खोटं, ते तिथेच कळेल."

ठिपके पडले ते सगळे आडवाटेला. एखादा कड्यावर, एखादा खाडीकाठच्या खाजणात, एखादा सड्यावरच्या उघड्या कातळात. शाळेतली एक मैत्रीण स्कूटरवरून नेणार होती, पण तिच्या मुलीचं बाळंतपण निघालं. उन्हाळ्याची सुट्टी सुरू झाली तरी रुमाना घरातच. शेवटी सलीमाच मुलावर उखडली.

"खुर्चेर बसान बसान खुर्चेक भोक पडात रे! तिका घेवन जा खंय जावचा ता."

मुझफ्फरने निमूटपणे स्कूटर काढली.

पहिल्या दिवशी दोघं फारसं बोलली नाहीत. ती मागे बसून फोनवर बघून उजवीकडे, डावीकडे सांगायची आणि तो वळवायचा. रस्ता संपला की पायवाट, पायवाट संपली की काट्यांतून. एका ठिकाणी उतारावर घसरत घसरत जाऊन पोचली, तर तिथे नुसता एक मोठा धोंडा. रुमानाने त्याचा फोटो घेतला.

"हो ठिपको हंय कोणी टाकलो?" मुझफ्फरने घाम पुसत विचारलं.

"संगणकान."

"तेका काय कामधंदो नाय?"

रुमानाला हसू आलं. तिला वाटलं, हा माणूस विनोद करतो हे आपण विसरूनच गेलो होतो. की कधी कळलंच नव्हतं?

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक ठिपका भरल्या बागेच्या मधोमध आला. दिवस आंबा उतरवण्याचे. दोघं दगडांचा गडगा ओलांडून आत शिरतात न शिरतात तोच राखणदार भिकाजी काठी घेऊन धावत आला.

"कोण रे ता? बाहेर व्हा पयले!"

रुमानाने घाईघाईने शाळेचं ओळखपत्र पुढे केलं आणि कचेरीत बोलतात तसं शुद्ध बोलू लागली. "हे पाहा, मी शिक्षिका आहे. भूमी-वापराच्या सर्वेक्षणासाठी..."

सर्वेक्षण म्हटल्यावर भिकाजीचा चेहरा आणखीच कडक झाला. "सर्वेवाले? जमीन घेवक इलात काय?"

तेवढ्यात मुझफ्फर पुढे झाला. "अरे बाबा, जमीन कोण घेता? माझी बायल मोठ्या परीक्षेक बसली आसा. तेचो पेपर तुझ्या बागेत काढलो हा, तेका ती काय करतली? तिका एक फोटो काढूक दी, आमी जातो."

भिकाजीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "ह्या वयात परीक्षा?"

"म्हणान तर मोठी," मुझफ्फर म्हणाला.

भिकाजी हसला. त्याने काठी खाली ठेवली, कळशीतलं पाणी दिलं आणि निघताना चार आंबे रुमानाच्या ओढणीत टाकले. परतीच्या वाटेवर रुमानाला तेच ऐकू येत राहिलं. माझी बायल, परीक्षेक बसली आसा. तो हे असं म्हणाला होता, जणू गावभर सांगायला मिळावं म्हणून कितीतरी दिवस थांबला होता. ती मागे बसली होती ती थोडी पुढे सरकली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खड्ड्यांचा रस्ता होता, धरायला काहीतरी हवंच होतं.

मग त्यांचं एक वळणच पडलं. सकाळी उन्हं तापायच्या आत निघायचं, डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी घ्यायची, ठिपके उरकायचे, कुठल्यातरी झाडाखाली खायचं. तो तिला तिकडच्या गोष्टी सांगू लागला. ती त्याला उपग्रहाच्या सांगू लागली. हिरव्या पानांतून न दिसणारा उजेडही परत येतो आणि उपग्रह तोही मोजतो, असं तिने सांगितलं तेव्हा त्याने हातातलं पान उन्हात धरून उलटसुलट करून बघितलं.

असंच एकदा खाडीच्या वरच्या चढावर एक ठिपका आला. करवंदीच्या जाळ्या, त्यांत गुंतलेल्या वेली, ढासळलेला गडगा. आत शिरायलाही जागा नव्हती.

"जंगल," रुमाना फोनवर नोंद करत म्हणाली.

"जंगल खंय? ही बाग आसा. वर बघ."

तिने वर बघितलं. वेलींच्या गचपणातून आंब्याच्या कलमांचे शेंडे दिसत होते. एका ओळीत.

"बाग होती," ती म्हणाली. "मालक मुंबैक असतले. धा-पंधरा वर्सां कोण फिरकूक नाय."

"फिरकूक नाय म्हणान ती बाग नाय?" त्याचा आवाज चढला. "कलमां मेली नाय हत. तो बघ, आंबो लागलो हा."

"माका दोनापैकी एक लिवचा लागता. बाग नायतर जंगल."

"मगे बाग लिव!"

"माझ्या मनान लिवन कसा चालात? सगळा रानच दिसता हंय!"

आपला आवाजही चढलाय हे तिला मग कळलं. दोघंही एकदम थांबली. मुझफ्फर गडग्याच्या एका चिऱ्यावर बसला. मग म्हणाला, "आपलो फणस खंय गेलो?"

"खंयचो फणस?"

"मागीलदारचो. न्हाणयेकडचो."

तो घरी येऊन कितीतरी महिने झाले होते आणि त्याने एकदाही हे विचारलं नव्हतं.

"मी थंय दर शुक्रवारी आपला घर बघी होतंय," तो म्हणाला. "फोनार. नकाशात, वरसून. नमाज पढान इलो की खाटेर पडान बघूचा. खळा दिसा, बावडी दिसा, फणस दिसा. मगे एकदा ता चित्र बदलला. फणस नाय. आणि छपरार निळा कायतरी. ताडपत्री असतली म्हणान कळला. मी फोन केलंय. तू म्हणालंस, हंय सगळा बरा आसा."

रुमानाला ती दुपार आठवली. तौक्ते वादळ येऊन गेलं त्यावेळची. फणस मुळापासून उपटून मागच्या छपरावर पडला होता. सलीमाला शेजाऱ्यांकडे पोचवून, ती आणि अलीजा भर पावसात ताडपत्रीची टोकं धरून उभ्या राहिल्या होत्या. पुढचे कित्येक महिने ती ताडपत्री छपरावर राहिली. कौलं मिळत नव्हती, माणसं मिळत नव्हती. त्या दिवसांत त्याचा फोन आला की ती शिडीवरून खाली यायची, हात ओढणीला पुसायची आणि सांगायची, सगळं बरं आहे.

"तुमी थंयसून काय करतलात?" ती हळू म्हणाली. "कोरोनात विमाना बंद होती. नुसते रातभर जागे ऱ्हवले असतास. म्हणान नाय सांगलंय."

"जागो ऱ्हवलो असतंय," तो म्हणाला. "ताच माका व्हया होता."

खाली खाडीत एक होडी वाळूच्या पट्ट्याला वळसा घालून गेली. रुमाना त्याच्या शेजारी चिऱ्यावर बसली आणि तिने त्याला त्या दिवसाचं सगळं सांगितलं. फांदी आधी कुठे मोडली, अलीजा कशी ओरडली, सलीमा कोंबड्या घेतल्याशिवाय घर सोडायला कशी तयार होईना. तो एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होता. कोंबड्यांच्या ठिकाणी हसलाही. मग त्याने डोळे पुसले आणि ती न बघितल्यासारखं करून करवंदं तोडायला उठली.

त्या ठिपक्यापुढे तिने बागही लिहिली नाही, जंगलही नाही. घरी येऊन विनीता मॅडमना ऑनलाइन गाठून सांगितलं, "मला एक तिसरा प्रकार हवाय. सोडून दिलेल्या बागा."

मॅडमनी डोक्याला हात लावला. "वरून त्या ओळखणार कशा? आणि त्यासाठी नवे ठिपके लागतील. सगळं फिरणं परत."

"वीस वर्षांपूर्वीच्या चित्रांत झाडांच्या ओळी दिसतात, मॅडम. त्यावरून बघते. फिरायला माझी तयारी आहे."

हेडफोन काढून तिने मान वळवली, तर मुझफ्फर दारात उभा. "परत सगळा?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्कूटरमध्ये पेट्रोल आहे का ते बघायला गेला.

तोंडी परीक्षा जुलैत झाली. पावसात घरच्या नेटचा भरवसा नव्हता म्हणून शाळेच्या संगणक-खोलीत. पडद्यावर तीन परीक्षक. एकाने तिसऱ्या प्रकारावर तिला बराच वेळ धारेवर धरलं. ती दोनदा अडखळली, एका प्रश्नाला सरळ "मला माहीत नाही" म्हणाली. मुझफ्फर बाहेर व्हरांड्यात भिजलेली छत्री मांडीवर घेऊन बसला होता. बंद दारातून त्याला इंग्रजीतलं फारसं काही कळत नव्हतं. पण शेवटी कुणीतरी विचारलं, इतक्या ठिकाणी तुम्ही पोचलात कशा? आणि रुमाना म्हणाली, "माय हजबंड टुक मी." एवढं मात्र त्याला नीट कळलं.

ती पास झाली. पहिल्या वर्गाला थोडं कमी पडलं. निकाल फोनवर आला तेव्हा दोघं मासळीबाजारात होती, तिच्या हातात बांगड्याची पिशवी. मुझफ्फरने तिथल्या तिथे ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्या कोळणींना सांगून टाकलं आणि ती लाजून चूर झाली. अलीजाने कोल्हापुरात मैत्रिणींना पेढे वाटले. सलीमाने सुनेला जवळ घेतलं आणि म्हणाली, "आता तरी वायच झोप गो."

पण पुढच्या रविवारी सकाळी रुमाना आवरून पडवीत येऊन उभी राहिली, डबा हातात.

मुझफ्फरने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. "आज खंय?"

"फोंडाघाट."

"थंय आपलो ठिपको खंय आसा? तो तालुकोच येगळो."

"नाय आसा."

"मगे कित्याक?"

"असाच," ती म्हणाली.

त्याने वर्तमानपत्राची घडी घातली, चपला पायात सरकवल्या आणि किल्ली शोधायला आत गेला.