दादाभाऊच्या देवाचा दिवा

"चूल पेटवायला माझी ना न्हाई, वैनी. फक्त धूर करू नगा," दादाभाऊ म्हणाला.

मंगल फुंकणी हातात धरून त्याच्याकडं बघत राहिली. "मग धूर ठिवू कुठं? डब्यात भरून?"

"पावण्यांच्या खोलीत जातुया त्यो. पुण्याच्या बाईचं डोळं चुरचुरलं. लगेच मोबाईलवर लिवलं, हवा शुद्ध न्हाई म्हणून. आता सह्याद्रीची हवा शुद्ध न्हाई म्हणल्यावर मी दुसरी कुठनं आणू?"

"आन् काल तुमीच म्हणत व्हता, पावण्यांना चुलीवरचीच भाकर पायजे?"

"ती चूल येगळी. ती अंगणातली. तिचा धूर फोटोत चांगला दिसतुया."

तर असा आमच्या कळमदऱ्यात धूरसुद्धा दोन प्रतींचा झाला होता. अंगणातला पावण्यांचा आणि पडवीतला मंगलचा. पडवी म्हणजे दादाभाऊच्या घराच्या मागच्या अंगाला उतरतं काढलेलं पत्र्याचं छप्पर. त्यात मंगल आणि तिची सासू सोनीबाई राहत होत्या. मंगलचा नवरा जानकू पारगावच्या कारखान्यावर उसाच्या ट्रकबरोबर गेला, तो एका हंगामापुरता गेला होता. हंगाम संपायचं काही अजून नाव घेत नाही. तिकडं त्यानं दुसरं घर केलं म्हणतात. मंगल शाळेत पोरांची खिचडी शिजवते आणि सासूला सांभाळते.

आधी त्या पडवीत नव्हत्या. आख्खं घर त्यांच्याकडं होतं. दादाभाऊच्या बापानं नारायणगावात टोमॅटोचा गाळा टाकला, बिऱ्हाड तिकडं हलवलं, तेव्हा तो सोनीबाईला म्हणाला होता, "घर मोकळं ठिवलं की वाळवी शिरते. तुमी ऱ्हावा. भाडं नगं. आमच्या देवाला तेवढी दिवाबत्ती करा." देव्हाऱ्यापुढं नारळ फोडला, आणि झाला करार. आमच्याकडं हीच पद्धत. मालक गाव सोडतो, पण देव सोडत नाही. देवाला राखण लागते आणि राखणदाराला छप्पर. सोनीबाईनं त्या देव्हाऱ्यातले टाक सणासुदीला चिंचेनं घासून असे लखलखीत ठेवले, की देवांनासुद्धा आपण कुणाचे, याचा विसर पडला असावा.

पुढं बाप गेला. नारायणगावात राहणाऱ्या दादाभाऊला कुणीतरी सांगितलं की तुझ्या गावच्या ओसरीवरून धरणाचं पाणी दिसतं, आणि पाणी बघायला लोक पैसे देतात. झालं. माजघराच्या खोल्या झाल्या, ओसरीला झोपाळा लागला, फाट्यावर पाटी लागली. सोनीबाई आणि मंगल मागं सरकत सरकत पडवीत आल्या. पडवीच्या मागं दरी होती, म्हणून थांबल्या.

एकटा दादाभाऊच असं करत होता असं नव्हे. सगळ्या गावाची ओसरी पाण्याकडं तोंड करून बसली होती. माणसं गोठ्यात झोपायला लागली आणि गुरं बाजारात गेली. शाळेच्या नव्या बाईंना खोली मिळेना, त्यांनी बदली मागितली. नर्सबाई घोडेगावावरनं जीपनं यायच्या. जीप भरली तर यायच्या, नाहीतर आजाऱ्याचा ताप उद्यापर्यंत दम धरायचा.

अशात वरून हुकूम आला. पावणे ठेवायचे तर परवानगी पाहिजे. परवानगी पाहिजे तर घर मालकाचं राहतं पाहिजे. मालक एकीकडं आणि घर पावण्यांकडं, हे चालणार नाही. तशी घरं बंद होतील आणि गावात राहणाऱ्यांना राहायला मिळतील.

मंगलनं त्या दिवशी शाळेच्या खिचडीत चार शेंगदाणे जास्त टाकले म्हणतात. दादाभाऊनं तिला पाडव्यानंतर पडवी मोकळी करायला सांगितलं होतं. तिथं त्याला न्हाणीघरासकट खोली काढायची होती. परवानगी नाही तर पावणे नाहीत, पावणे नाहीत तर खोली नाही. दोघींचं छप्पर त्या एका कागदावर तोललेलं होतं.

पण राहतं घर म्हणजे काय, हे हुकमात नव्हतं. ते ग्रामसभेनं ठरवायचं होतं. ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. धरणाकाठी बंगले बांधून ते पावण्यांना देणाऱ्या पुण्याच्या बंगलेवाल्यांचा एक माणूस कागदांची पिशवी घेऊन आला होता. आधार कार्ड इथलं, लाईट बिल इथलं, घरपट्टी इथली. सगळे कागद कळमदऱ्यात राहत होते, माणूसच तेवढा कोथरूडला.

तेव्हा भिका उठला. भिका म्हणजे आमच्या वाडीतलं जुनं खोड. बोलला की मधे कुणी बोलत नाही, कारण त्याला ऐकू येत नाही.

"कागदाचं काय सांगता?" भिका म्हणाला. "कागद काय, कुत्र्याच्या नावाचा बी निघंल. मी सांगतो राहतं घर कंचं. ज्या घरात मालकाच्या देवाला रोज दिवा लागतो, ते राहतं घर. हाय का ह्या बंगल्यांत देव? झोकं हायती, पवायची टाकी हाय, देव हाय का?"

पारावर टाळ्या पडल्या. बंगलेवाल्याच्या माणसानं पिशवीत हात घातला, पण पिशवीत देव नव्हता. सगळ्यांनी हात वर केले. मंगलनंसुद्धा केला. दादाभाऊनंही केला, आणि त्याचा सगळ्यांच्या आधी.

घरी येताना उतारावर मंगल एकदम उभी राहिली.

"आत्याबाई, दादाभाऊच्या देवाला दिवा कोण लावतं वं?"

"म्या लावते. न्हायतर तू. का?"

"मंग मालक राहतो म्हणून साक्ष कोण देतं?"

"भिक्याला एवढं कळायला नगं?"

"भिक्याला काय नावं ठेवता? म्या बी हात वर केला."

तपासणीच्या दिवशी मंगलनं तेलाची बुधली आणि काड्यापेटी पिठाच्या डब्यात पुरली. सकाळी दिवा लावला नाही. सोनीबाई देव्हाऱ्यापुढं दोनदा जाऊन रिकामी परत आली.

"आगं, पण देव अंधारात बसल्यात."

"एक दिस बसू द्या. न्हायतर आपून जलमभर बसू."

दादाभाऊ नारायणगावावरनं भल्या पहाटे आला होता, आपल्या राहत्या घरात राहायला. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. बायकोनं दारात कुरडया वाळत घातल्या होत्या; त्या आदल्याच दिवशी बाजारातून आणल्या असल्यानं आधीच वाळलेल्या होत्या. जीपचा आवाज आला तसा दादाभाऊनं दात घासायला घेतले. ऊन डोक्यावर आलं होतं, पण माणूस घरचाच दिसला पाहिजे.

तपासणीच्या मॅडम हुशार होत्या. त्यांनी कुरडयांकडं पाहिलं, तोंडातल्या फेसाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "देवघर दाखवा."

दादाभाऊनं मोठ्या दिमाखात दार उघडलं. ते न्हाणीघराचं निघालं. दुसरं उघडलं, त्यात गाद्या रचलेल्या. तिसऱ्याला देव सापडले. आत काळोख. समई थंडगार, वात कोरडी.

"दिवा?"

"हाय की. म्हंजी असतोच. आताच... वारं लई सुटलंय आज." बाहेर पान हलत नव्हतं. "अगं, काड्यापेटी कुठाय आपली?" तो बायकोला म्हणाला.

"आपली?" बायको म्हणाली, आणि तिनं कपाळाला हात लावला.

तो फळ्या चाचपत राहिला. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. पडवीच्या दाराशी मंगल पदर तोंडात धरून उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी पेन तिच्या बाजूनं चालणार होतं.

तेवढ्यात मागनं उजेड आला.

सोनीबाई येत होती. एका हातात पणती, दुसऱ्या हाताचा आडोसा. तेल शेजारणीचं, काडी शेजारणीची. कुणाकडं न बघता ती सरळ देव्हाऱ्यापुढं गेली, पणती ठेवली, टाकांवर बोट फिरवलं आणि पुटपुटली, "राग धरू नगा, बाबांनो. आमच्या भांडणात तुमास्नी ताटकळत ठिवलं."

मॅडम हळूच म्हणाल्या, "आजी, रोज तुम्हीच लावता का दिवा?"

"रोज. जानकूचा बाप गेला त्या दिशी बी शेजारणीकडनं लावून घेतला. खाडा न्हाई."

"आणि हे देव कुणाचे?"

सोनीबाईनं मंगलकडं पाहिलं. मंगलनं मान हलवली, नको म्हणून. पण पणती ठेवून तिच्याच उजेडात खोटं बोलायचं कसं, हे त्या बाईला कुणी शिकवलंच नव्हतं.

"ह्याचेच. दादाभाऊच्या घरचे."

"तुम्ही यांच्या कोण?"

"घरचीच हायेत वो!" दादाभाऊ फेस पुसत पुढं झाला. "आमची काकी. आईच्या जागी."

मॅडमनी लिहिलं. घरातील ज्येष्ठ व्यक्ती नित्य दिवाबत्ती करतात, घर राहते आहे. अशा रीतीनं सोनीबाई त्या घरची झाली, आणि पाडवा झाल्यावर तिची पथारी बाहेर पडली.

दादाभाऊ तसा वाईट माणूस नाही. ट्रंक उचलायला त्यानं स्वतः हात लावला. म्हणाला, "काकी, दिवाबत्तीला येत जावा रोज. पावण्यांना बी बरं वाटतं, जुनं माणूस दिसलं की. आन् वैनी, तुमी अंगणातल्या चुलीवर भाकरी थापा. धूर हवा तेवढा करा."

मंगल फुंकणीची राख पुसत राहिली. त्याला बिचाऱ्याला वाटलं, ती विचार करतेय.

दोघी ग्रामपंचायतीत गेल्या. सरपंच रुपालीताई माणूस चांगली, चहा पाजते. म्हणाली, "काकी, घरकुल बसवू की तुमचं. पण तुमच्या नावची जागा पायजे."

"हाय की जागा."

"कुठं?"

सोनीबाईनं खिडकीतनं बोट केलं. बाहेर धरणाचं पाणी पसरलं होतं आणि एका होडीत चार पावणे गाणी म्हणत होते.

"ते होडीवालं दिसत्यात? त्यांच्या खाली."

रुपालीताईनं चहाचा कप खाली ठेवला. सोनीबाईचं घर धरणात गेलेलं होतं, तिला माहीत होतं. रुपालीताईच्या सासरचंही त्यातच गेलं होतं. सोनीबाईला बदलीची जमीन कालव्याच्या टोकाला मिळाली. तिथपर्यंत कालवा कधी पोचला नाही, मग जानकूच्या बापानं ती फुंकून टाकली.

"काकी, त्या जागंवर पाणी हाय."

"आता हाय. वैशाखात जातंय."

"तसं धरता येत न्हाई वो."

"मला काय जलमभराचं नगं," सोनीबाई म्हणाली. "उन्हाळ्यापुरतं घरकुल देता यील का बघ."

ग्रामसेवक हसला. मग दुसरं कुणी हसलं नाही म्हणून तोही थांबला.

एक महिना त्या शाळेच्या ओसरीला निजल्या. सुट्टी लागली, ओसरीला कुलूप आलं. खोली गावात नव्हती. जी मिळत होती ती रात्रीच्या दरानं, न्याहरीसकट. परवानगीची पाटी आता घरोघर लागली होती. पुण्याच्या बंगल्यांनीसुद्धा देव्हारे आणले आणि बटणावर लागणारे दिवे बसवले. ते चोवीस तास जळतात. भिका पारावर बसून म्हणतो, गाव लई देवभोळं झालं.

वैशाखात पाणी उतरलं. तळातला गाळ भेगाळला आणि जुन्या गावाची जोती वर आली, गुडघा गुडघा उंच. सोनीबाई काठीनं चाचपत गेली आणि एका जोत्यापुढं उभी राहिली. चार बांबू, एक निळा प्लास्टिकचा कागद, तीन दगडांची चूल. ट्रंक मी आणि भिकानं उतरवली. गाळाला सडक्या माशांचा वास होता आणि वारा नावाला नव्हता. वर दादाभाऊच्या ओसरीवरून पावणे फोटो काढत होते. त्यांना सांगितलं होतं म्हणे, इथं बुडालेलं गाव दिसतं. या खेपेला त्यात माणसंही दिसली.

भिका ट्रंकवर टेकला. "मंगल, पोरी, मिरगाच्या मागनं पानी चढंल. तवा गं?"

मंगल ओल्या काटक्या फुंकत होती. धूर तिच्या डोळ्यांत जात होता.

"तवा पानी सांगंल, खाली करा म्हणून. पान्यानं सांगितल्याचं वाईट वाटत न्हाई, भिकाबाबा."

भिकाला ऐकू आलं नाही. मी त्याला सांगितलंही नाही. तो उठून सोनीबाईकडं निघाला. ती पलीकडच्या अंगाला गाळ खरवडत बसली होती. दगडाची एक लांब फाडी मोकळी करून तिनं हातानं पुसली.

"कुठं येतुयास रं भिक्या तिकडनं?" ती ओरडली, एवढ्या मोठ्यानं की त्यालाही ऐकू गेलं. "भिंत हाय तिथं! दारातनं ये की."

भिका जागच्या जागी थांबला. मग जोत्याला वळसा घालून त्या फाडीपाशी आला, वहाणा काढल्या, आणि वर काहीच नव्हतं तरी मान वाकवून आत गेला.