दोर खजरजांचा, चामडं औसांचं

मी एक जुना पोहरा आहे. चामड्याचा. मदिनेत, खजुरीच्या बागांमधल्या एका विहिरीवर माझं सारं आयुष्य गेलं. आता मी कोपऱ्यात पडलो आहे. माझ्या बुडाला चार ठिगळं आहेत आणि तोंड वाळून वेडंवाकडं झालं आहे. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. अख्खी वस्ती सकाळी उठून ज्याच्या तोंडाकडे बघायची, तो मी आहे.

माझ्या जन्माआधी त्या विहिरीवर दोन पोहरे असत. एका अंगाला औस टोळीची घरं, दुसऱ्या अंगाला खजरज टोळीची. पाणी एकच, पण भरून झालं की जो तो आपला पोहरा उचलून घरी नेई, आणि जाताना समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून जाई. या दोन टोळ्यांमध्ये वर्षानुवर्षं तलवारी चालल्या होत्या. शेवटच्या लढाईत खजरजांच्या सुहैमचा थोरला भाऊ पडला आणि औसांच्या उम्म जुंदुबचा नवराही पडला. त्यानंतर ती दोघं विहिरीवर समोरासमोर आली, तर बाकीची माणसं घागरी टाकून पळत.

मग पैगंबर मदिनेत आले. दोन्ही टोळ्यांनी त्यांना शब्द दिला, की यापुढे आपण भाऊ. शब्द देणं सोपं असतं, पण उम्म जुंदुब नुसत्या शब्दावर थांबणारी बाई नव्हती. तिने आपल्या बकऱ्याचं कातडं कमावलं आणि मला शिवलं. सुहैमही हट्टाला पेटला. त्याने खजुरीच्या तंतूंचा पंधरा हात दोर वळला आणि माझ्या तोंडावरच्या आडव्या लाकडाला करकचून गाठ मारली. त्या दिवसापासून विहिरीवर एकच पोहरा राहिला आणि तो कोणीही घरी नेला नाही.

दहा वर्षं मी पाणी ओढलं. माणसांना पाजलं, उंटांना पाजलं, पाच वेळच्या नमाजाआधी शेकडो हातपाय धुतले. कौतुकही फार झालं, त्यांच्या पद्धतीने.

"चामडं औसांचं असून गळत नाही, नवलच म्हणायचं!" सुहैम म्हणे.

"दोर खजरजांचा असून तुटत नाही, हे त्याहून मोठं नवल!" उम्म जुंदुब लगेच परतफेड करी.

आणि दोघं हसत. ते हसणं ऐकलं की मला वाटे, आपल्यासारखा भाग्यवान पोहरा साऱ्या अरबस्तानात नसेल.

मग तो सोमवार आला. ऊन डोक्यावर होतं. उम्म जुंदुब पाणी ओढत असताना गल्लीतून कोणीतरी रडत ओरडत गेलं, की पैगंबर गेले. तिच्या हातून दोर सुटला आणि मी थेट पाण्यात गेलो.

थोड्या वेळाने, काठावरच्या खुंट्याला अडकवलेलं दोराचं टोक धरून मला वर ओढलं ते सुहैमने. त्याचे डोळे लाल होते. पाणी न पिताच त्याने मला ओतून टाकलं आणि गाठ सोडायला घेतली.

"अरे, काय करतोस हे?" उम्म जुंदुबने विचारलं.

"शब्द त्यांना दिला होता. ते गेले. आता पुढारी निवडायला माणसं जमताहेत. आमचा झाला तर तुम्ही उठाल, तुमचा झाला तर आम्ही. पुन्हा तेच सगळं. माझा दोर मी आधीच नेतो. तुझं चामडं तुला लखलाभ!"

"पुढारी कोणीही होवो, तो काय आपलं पाणी ओढून देणार आहे?"

सुहैमने गाठीचा शेवटचा वेढा सोडवला. दोर खांद्यावर टाकून तो गेला. दहा वर्षांत पहिल्यांदाच मी बिनदोराचा झालो. मला भीती वाटली, हे मी लपवत नाही. पोहऱ्याला दोर नसेल तर तो पोहरा कसला?

शेजारणीने उम्म जुंदुबला दुसरा दोर आणून दिला. तिने तो परत केला. "पाणी येईल गं याने," ती म्हणाली, "पण मग हा पोहरा आम्हा औसांचाच होईल. उद्या खजरजांचा दुसरा येईल, आणि परवा तलवारी येतील." मला मांडीवर घेऊन ती विहिरीच्या काठावर बसून राहिली. त्या दिवशी दोन्हीकडच्या घागरी कोरड्या राहिल्या.

संध्याकाळी बातमी आली, की पैगंबरांचे एक ज्येष्ठ सोबती नेते निवडले गेले. उद्या मशिदीत सगळ्यांनी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द द्यायचा. त्या निवडीवरून माणसं पुढे फार वाद घालत राहिली. तो वाद पंधरा हात दोरात मावणारा नाही. मी आपला माझ्या विहिरीपुरतं सांगतो.

मंगळवारी सकाळी सुहैम विहिरीपाशी आला. मशिदीत जायचं, तर आधी वजू हवी, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय-तोंड धुणं. वजूला पाणी हवं, आणि घरात थेंब नव्हता. दोर खांद्यावर तसाच होता. उम्म जुंदुबकडे न बघता तो खाली बसला आणि त्याने दोन्ही तळहात स्वच्छ मातीवर टेकले. वाळवंटात पाणी नसलं की हातातोंडावरून मातीचा हात फिरवून नमाज करण्याची मुभा असते.

"सुहैम!" उम्म जुंदुब कडाडली. "माती पाणी नसेल तेव्हा! इथे बारा हातांवर पाणी चमकतंय, दोर तुझ्या खांद्यावर आहे, पोहरा माझ्या मांडीवर आहे, आणि तू माती फासतोस? देवाला काय सांगशील, पाणी नव्हतं की माणसं नव्हती?"

सुहैमचे हात मातीवरच थांबले.

"शब्द घेणारे गेले, हे खरं," ती म्हणाली. "पण आपण शब्द दिला तेव्हा साक्षीला कोण होता? तो तर आहे ना?"

तेव्हा सुहैम लहान मुलासारखा रडला. "मला वाटलं, सांगणारेच गेले, म्हणजे सगळंच सुटलं," तो म्हणाला. त्याने दोर पुढे केला. पण डोळ्यांतल्या पाण्यामुळे स्वतःचीच गाठ त्याला मारता येईना. मग उम्म जुंदुबने दोराचं टोक हातात घेतलं आणि गाठ मारली. औसांच्या हाताची, खजरजांच्या दोराला.

"बरी बसली का गं?" सुहैमने डोळे पुसत विचारलं.

"तुझ्यापेक्षा बरी!"

मी विहिरीत उतरलो आणि काठोकाठ भरून वर आलो. आधी सुहैमने तिच्या हातांवर पाणी घातलं, मग तिने त्याच्या. ओल्या हातांनीच ती दोघं मशिदीच्या वाटेला लागली.

मित्रांनो, त्यानंतर मी पुष्कळ वर्षं राबलो. ती दोघं गेली, नवा पोहरा आला, मला तेलाचं बोट लावायचंही कोणाला आठवेना. पण चामडं फाटलं तरी ती गाठ सुटलेली नाही. तुमच्या विहिरीवरही असा एखादा सगळ्यांचा पोहरा असेल. त्याला अधूनमधून तेल लावा. आणि गाठ सैल दिसली, तर ती मारणारा कुठे गेला म्हणून वाट बघत बसू नका. तुमचे हात आहेत. आवळा.