शंभर मीटरचा ठराव

पळसबोडीत मोबाईलचा टॉवर येणार अशी बातमी आली तेव्हा गावात मोबाईल असणारे दोन-चारच जण होते. तेही तलावाच्या पाळीवर चढून, तोंड चिमूरकडे करून ओरडत बोलायचे. टॉवर नको असं म्हणणारं गावात कुणी नव्हतं. सुगंधाबाईचंही तसं म्हणणं नव्हतं. तिचं एवढंच म्हणणं होतं, की तो अंगणवाडीला चिकटून नको.

सुगंधाबाई अंगणवाडीची सेविका. ढिवराच्या घरची सून. नवरा लटारू तलावात जाळं टाकायचा आणि धानाच्या हंगामात मजुरीला जायचा. अंगणवाडी म्हणजे ग्रामपंचायतीची एक खोली, पुढे पडवी आणि हातभर अंगण. खोली जुनी होती पण गळत नव्हती. भिंतीवर सुगंधाबाईनेच गेरूने मोर काढला होता. तिच्या जोडीला मदतनीस होती बायनाबाई, गावाच्या कडेच्या गोंडवस्तीतली, गोंडटोल्यावरची. वयाने मोठी, बोलायला कमी, पण रडतं लेकरू तिच्या मांडीवर गेलं की गप्प व्हायचं.

टॉवरसाठी कंपनीच्या माणसाने जी जागा पसंत केली ती झाडूची होती, अंगणवाडीच्या भिंतीला लागून. झाडू म्हणजे सरपंच इस्तारीभाऊचा चुलतभाऊ. जागेचं भाडं त्याच्या घरी जाणार हे साऱ्यांना ठाऊक होतं, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटलं नाही.

पण सुगंधाबाई महिन्याच्या मीटिंगला तालुक्याला, चिमूरला जायची. तिथे तिने टॉवर पाहिला होता. भारनियमनाचे दिवस, दिवसातले कितीतरी तास लाईन नाही. मग टॉवरखालचा जनरेटर दिवसभर धडधडायचा. शेजारच्या घराची भिंत धुराने काळी झाली होती आणि त्या घरची बाई दोरीवरचे कपडे झटकत शिव्या देत होती. सुगंधाबाईच्या डोळ्यांसमोर आपली दुपारी झोपलेली पोरं आली.

ती घरोघर फिरली. बाया ग्रामसभेला सहसा जात नसत, पण तिने त्यांना नेलं. सभेत ती पदर खोचून उभी राहिली.

"टावर पायजेच," ती म्हणाली. "पण शाळा, अंगणवाडी आन् दवाखाना, याच्या शंभर मीटरच्या आत नाई पायजे. गावाची जागा का कमी हाय? पाळीच्या पल्याड टाका. आपल्या गावाचा तसा नियम करा."

कुणीतरी हसलं. पण गोकुळा उभी राहिली. तिची मुलगी आचल अंगणवाडीत होती. "बराबर सांगून राह्यली थे," गोकुळा म्हणाली. मग बाया एकामागून एक बोलू लागल्या. आणि सगळ्यांना नवल वाटलं ते पुढेच. इस्तारीभाऊने स्वतः हात वर केला.

"सुगंधाबाईची गोष्ट खरी हाय," तो म्हणाला. "लेकरायच्या जिवापेक्षा टावर मोठा नाई. लिवा गा ठराव. शंभर मीटर."

ग्रामसेवकाने ठराव लिहिला. सगळ्यांनी हात वर केले, झाडूनेही. त्या दिवशी घरी येताना सुगंधाबाईला वाटलं, आपण उगाच माणसांबद्दल वाईट विचार करतो. तिने लटारूला तसं बोलूनही दाखवलं. तो जाळ्याची गाठ मारत होता. तो नुसता हुं म्हणाला.

नंतर काही दिवस काम थांबल्यासारखं दिसलं. मग दिवाळी आली, धान कापणी आली. अंगणवाडीला सुट्ट्या होत्या. सुट्टी संपल्यावर सुगंधाबाई सकाळी खोलीकडे गेली, तर दाराला दुसरंच कुलूप. अंगणात लोखंडी सळया पडलेल्या. झाडूच्या जागेत खोल खड्डा खणलेला. बायनाबाई आधीच येऊन रस्त्यावर उभी होती.

"आपलं सामान नेलं," बायनाबाई म्हणाली.

"कुठी नेलं?"

बायनाबाईने बोट दाखवलं. सुगंधाबाईला आधी कळलंच नाही, कारण त्या बाजूला ठेवण्यासारखी जागाच नव्हती. त्या बाजूला होता कोंडवाडा.

दुसऱ्याच्या शेतात शिरलेली गुरं पंचायत जिथे डांबून ठेवते तो कोंडवाडा. तीन बाजूंनी भिंती, वर टिनाचं शेड, पुढे फाटक. त्याच आठवड्यात कुणाच्या तरी म्हशी तिथे होत्या. कोपऱ्यात शेणाचा थर, वर माश्या. मुताचं पाणी जमिनीत मुरून जमीन हिरवट काळी पडलेली. आणि त्यातच, एका चटईवर, खिचडीचं गंज म्हणजे मोठं पातेलं, ताटल्या, वजनकाटा आणि लेकरांच्या पाट्या रचून ठेवलेल्या. भिंतीच्या भेगांत गोचिडांचे पुंजके होते, रक्ताने टम्म फुगलेले, राखाडी. त्यातलं एक गंजाच्या कडेवर चढत होतं.

सुगंधाबाई फाटकाबाहेर जाऊन ओकली.

पदराने तोंड पुसून ती तशीच इस्तारीभाऊच्या घरी गेली. तो ओसरीवर चहा पीत होता.

"भाऊ, हे काय केलं तुमी? लेकरायले कोंडवाड्यात बसवता?"

"आता काऊन बोंबलतं बाई? तुवाच ठराव हाय." इस्तारीभाऊने बशी खाली ठेवली. "टावरच्या शंभर मीटरच्या आत अंगणवाडी नाई पायजे. आमी त तुवंच आयकलं. टावर हलवता येत नाई, कंपनीवाल्यायनं जागा मोजून ठेवली. मंग काय हलवाचं? अंगणवाडी हलवली. कोंडवाडा बराबर शंभरच्या पल्याड हाय, पायजे त मोजून पाय."

"आन् आपली खोली?"

"थे कंपनीले देली. त्यायचं डिझल ठेवाले."

तो हसला नाही. हसला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो अगदी साध्या तोंडाने बोलत होता, जणू तिचं एखादं काम करून दिलंय. अंगणवाडी हलवायचा वेगळा ठराव पंचायतीने सुट्टीतच केला होता, खोली मोडकळीस आल्याचंही त्यातच लिहून टाकलं होतं. सभेत शंभर मीटरसाठी हात वर करताना त्याच्या मनात हेच होतं का, की नंतर कुणी सुचवलं, हे सुगंधाबाईला कधीच कळलं नाही. तिथे चहाचा वास येत होता आणि तिला तोही सहन होईना.

ती चिमूरला गेली. तिथल्या अंगणवाडी ऑफिसच्या साहेबांनी पर्यवेक्षिकाबाईंना पाठवलं. बाई आल्या, नाकाला रुमाल लावून फाटकाशी उभ्या राहिल्या, आत काही आल्या नाहीत.

"झाडून घ्या, चुना मारा," त्या रुमालातून म्हणाल्या. "नवीन इमारतीचा प्रस्ताव पाठवू. तोवर चालवून घ्या ना थोडं." मग त्यांनी इस्तारीभाऊच्या घरी पोहे खाल्ले आणि जागा वापरण्याजोगी आहे असा शेरा देऊन गेल्या.

सुगंधाबाईने आणि बायनाबाईने कोंडवाडा खरवडला, धुतला, चुना मारला. तरी उन्हाने टिन तापलं की जमिनीतून वास वर यायचा. लेकरं खिचडीवरच्या माश्या हाकलत जेवायची. आणि एका दुपारी सुगंधाबाईने गंजात पळी घातली तर पिवळ्या खिचडीत एक फुगलेलं गोचीड वर आलं. शिजलेलं.

तिने गंज उचललं, ग्रामपंचायतीसमोर नेलं आणि सगळी खिचडी पायरीवर उपडी केली.

माणसं जमली. तिला वाटलं, आता तरी कुणी बोलेल. पण जो तो सांडलेल्या अन्नाकडे बघत होता. "सरकारचं अन्न वाया घालवलं," कुणीतरी म्हणालं. ग्रामसभेत पहिली उठून उभी राहिलेली गोकुळा तिला बाजूला घेऊन म्हणाली, "जाऊ दे ना व सुगंधा. टावर सुरू झाला का माह्या भावाशी बल्लारपूरले बोलता येईन. थोडंसं सोसलं पायजे."

"तू सोस," सुगंधाबाई म्हणाली. "तुह्या आचलच्या ताटात टाकू का थे गोचीड?"

गोकुळा तोंड फिरवून गेली.

त्या संध्याकाळी लटारू घरी आला तो अंगाला डिझेलचा वास घेऊन. तिने विचारलं. तो म्हणाला, की टॉवरवर राखणदार म्हणून झाडूने त्याला लावलंय. डिझेल उतरवायचं, जनरेटर चालू-बंद करायचा. बसायला जागाही होती, तीच खोली.

"मोराच्या भिंतीले टेकून डिझलचे डबे ठेवता?" तिने विचारलं.

"मी नाई लागलो असतो त दुसरा लागला असता. तलावात मासोळी रायली का आता? तूच सांग."

तिच्यापुढे भाताचं ताट होतं. लटारूने हात धुतले होते, तरी त्याच्या बोटांचा वास ताटापर्यंत येत होता. तिने ताट सरकवलं.

"किळस येते का माही?" लटारूने विचारलं. तो रागावला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"हो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तो तलावावर आंघोळ करून यायचा. ती त्याला वाढायची, पण समोर बसायची नाही.

कोंडवाड्यात लेकरांना पुन्हा बसवायचं नाही हे तिने ठरवलं होतं. कुठे बसवायचं ते बायनाबाईने सांगितलं. "माह्या घरी चाल. आंगन मोठं हाय."

बायनाबाईचं अंगण सुगंधाबाईने याआधी कधी नीट पाहिलं नव्हतं. शेणाने सारवलेलं, स्वच्छ, कडेला मोहाचं झाड, त्याची सावली दुपारपर्यंत पुरणारी. मातीत एक काडी पडलेली नव्हती. कोपऱ्यात चूल, झाकलेलं पाणी. तिथे पाय ठेवल्यावर कितीतरी दिवसांनी तिने पोटभर श्वास घेतला.

पहिल्या दिवशी टोल्यावरची लेकरं आली. गावातलं एकही आलं नाही. सुगंधाबाई बोलवायला घरोघर गेली, तेव्हा बाया दारातच उभ्या राहून बोलल्या. कुणी म्हणालं दूर पडते. कुणी म्हणालं लेकराला ताप आहे. गोकुळा तेवढी खरं बोलली.

"गोंडाच्या आंगनात जेवाचं का आमच्या लेकरायनं? लोक काय म्हणतीन?"

"कोंडवाड्यात जेवलं त चालते," सुगंधाबाई हळूच म्हणाली. "म्हशीच्या मुतावर बसून चालते. बायनाबाईनं सारवलेल्या आंगनात नाई चालत?"

"थे येगळं अन् हे येगळं."

शेणाची, मुताची, गोचिडाची किळस तिला आली होती. ती किळस ओकल्यावर निघून गेली होती. पण ही माणसांची जी आली ती जाईना. रस्त्याने परत येताना एकेक दार तिला ओळखीचं होतं, प्रत्येक घरातल्या लेकराचं वजन तिने केलं होतं, बाळंतपणाला ती धावली होती. त्या दारांकडे बघवेना म्हणून ती मान खाली घालून चालली. आपणही इतकी वर्षं बायनाबाईच्या हातचं पाणी अंगणवाडीत प्यायलो, पण तिच्या घरी पायरी चढलो नव्हतो, हेही तिला त्याच वाटेवर सुचलं.

बायनाबाईने तिच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "आज तांदूळ कमी टाकू."

टॉवर पुरा झाला. उद्घाटनाला शामियाना घातला, भोंगा लावला. इस्तारीभाऊने निरोप पाठवला, की अंगणवाडीच्या लेकरांनी स्वागताचं गाणं म्हणावं आणि सुगंधाबाईने चांगली साडी नेसून पुढे उभं राहावं. निरोप घेऊन लटारूच आला होता.

"काय सांगू त्यायले?" त्याने विचारलं.

सुगंधाबाई बाजूला पचकन थुंकली. "हेच सांग."

लटारूने ते सांगितलं की नाही कुणास ठाऊक. गावातल्या बायांनी आपली लेकरं नटवून स्वतःच नेली. भाषणं झाली. ठराव करणारं जागरूक गाव म्हणून पळसबोडीचं कौतुक झालं, ते भोंग्यातून टोल्यापर्यंत ऐकू आलं. मग जनरेटर सुरू झाला. धूर खालच्या खालीच पसरला आणि शामियान्यातली माणसं खोकत उठली.

मोहाखाली टोल्यावरची लेकरं जेवायला बसली होती. तेवढ्यात गोकुळा आली, आचलला कडेवर घेऊन. पोरीचे डोळे धुराने लाल झाले होते, एका हातात बुंदीचा लाडू होता. गोकुळा अंगणाच्या कडेला थांबली. आत यावं की नाही हे तिला कळत नव्हतं.

"लय धूर हाय वो तिकडं," ती म्हणाली. "हिले खोकला लागला. बसू देतं का इथी?"

सुगंधाबाईला गोकुळाचं तोंड बघायचं नव्हतं. आपला राग या पोरीवर निघेल अशी भीती तिला वाटली, म्हणून ती चुलीकडे वळली. बायनाबाई उठली, आचलला खाली उतरवून घेतलं, तिचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं आणि टोल्यावरच्या सुकलूच्या शेजारी बसवलं.

गोकुळा तशीच उभी राहिली. "मी जाऊ का मंग?"

"जा," सुगंधाबाई म्हणाली. "जेवन झालं का घेऊन जाशीन."

"उद्या आनू?"

सुगंधाबाईने ताटात खिचडी वाढली, ताट आचलपुढे ठेवलं. मान वर न करता ती म्हणाली, "बायनाबाईले विचार. घर तिचं हाय."

गोकुळाला बायनाबाईकडे वळून ते विचारायला बराच वेळ लागला. पण तिने विचारलं.