वरचा गारठा

गीताबाईनं चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, पदराला हात पुसले आणि केदारनाथच्या फोनच्या दुकानात शिरून सरळ विचारलं,

"कुठंय माजा सुग्रीव?"

खुर्चीवर बसलेल्या मल्लम्माची सुपारी अडकित्त्यातच राहिली.

"तुला कुनी सांगितलं गं?"

"सगळा बाजार सांगतोय. तुमीच म्हनलाव म्हनं, सुग्रीव अमेरिकेत हाय. उडतोय."

मल्लम्मा म्हणाली होती खरी. बाजाराच्या दिवशी, ओट्यावर, दहा बायांच्या घोळक्यात. मल्लम्माच्या गोष्टीला शेपूट आणि शिंगं तर असायचीच, वर तुराही असायचा. तिच्या लग्नात निजामाचा हत्ती घंगाळभर कढी पिऊन गेला, हे सिरसाळ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. खरं कुणी मानत नव्हतं, खोटं कुणी म्हणत नव्हतं. हीही गोष्ट तशीच हसण्यावारी जाईल असं तिला वाटलं होतं. सुग्रीवची आई त्या घोळक्यात नव्हती, मेंढरं घेऊन रानात होती, एवढंच तिच्या ध्यानात आलं नाही.

गोष्टीचं मूळ दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये होतं. मल्लम्माची नात, केदारनाथची मुलगी शिवानी पुण्यातलं शिक्षण संपवून घरी बसली होती. अमेरिकेतल्या कुठल्याशा कंपनीनं एक खेळ काढला होता, अजून बाजारात यायचा होता. त्याआधी तो खेळून त्यातल्या खोडी कळवायला त्यांनी माणसं निवडली, त्यात शिवानीचं नाव लागलं. बापाच्या दुकानात फोनच्या तारेवरनं इंटरनेट जोडून ती खेळायची आणि वीज गेली की वहीत लिहून ठेवायची. वीर भिंतीत गुडघ्यापर्यंत अडकतो. उडताना त्याची सावली मागंच राहते.

वीर घडवायचा होता त्या दिवशी तिनं विचारलं होतं, "कसा करू गं आजी?" उंची, रंग, छाती, केस, सगळं आपल्या मनासारखं. मल्लम्माच्या डोळ्यांपुढं धुळाजी मेंढक्याचा सुग्रीव आला. सावळा, रुंद छातीचा, कानावर कुरळे केस. बापाशी भांडून चार वर्षांपूर्वी गेला तो गेलाच. ना चिठ्ठी, ना फोन. तिनं त्याचंच रूप सांगितलं आणि शिवानीनं तसाच वीर घडवला.

"काकू," शिवानी आता गीताबाईला म्हणाली, "अहो, हा नुसता खेळ आहे, यात खरं..."

मल्लम्मानं पायानं तिची खुर्ची ढोसली.

"दाव की गं. बोलत काय बसलीस?"

शिवानीनं आजीकडं पाहिलं. आजीनं अडकित्त्याकडं.

पडद्यावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या वरून तो सावळा गडी निघाला. गीताबाई उभीच होती. बस म्हटलं तरी बसली नाही. मध्येच फोनची तार अडखळली आणि गडी हवेत तसाच टांगून राहिला.

"थांबला का?"

"इसावा घेतोय," मल्लम्माच्या तोंडून निघून गेलं. सवयच ती.

"आन ती दुसरी? इकडं तिकडं हिंडायलीत ती?"

"तीपण माणसंच काकू," शिवानी म्हणाली. एवढं तरी ती खरं सांगू शकत होती. "कुणी जपानातलं, कुणी अमेरिकेतलं. प्रत्येकामागं कुणीतरी माणूस असतोच."

गीताबाईनं बोट पुढं केलं, पण काचेला लावलं नाही. गड्याच्या खांद्यावरनं लाल फडकं फडफडत होतं.

"येवढंच पांघरून? वर तर लई गारठा आसतोय."

पुसाचा महिना होता. दुकानातसुद्धा हात काकडत होते.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली, काखेत नवं काळं घोंगडं घेऊन. लोकर घरच्या मेंढ्यांची, सूत तिच्या हातचं.

"धाडून द्या. पत्ता पोरीला ठावं आसंल."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मल्लम्मानं दोन्ही हातांनी घोंगडं घेतलं.

ते तिनं पलंगाखालच्या पेटीत कोंबलं, तरी घरभर मेंढराचा वास सुटला. शिवानी त्या खोलीत आली की दारातनंच परत फिरायची. ओट्यावर बाया म्हणायच्या, काकू, हत्तीची सांगा की. मल्लम्मा म्हणायची, "मेला त्यो हत्ती."

चैतात एका सकाळी शिवानी दुकानातनं लवकर परतली.

"संपलं आजी. खेळ आता बाजारात येणार. म्हणून आधीचे सगळे वीर आज पुसून टाकले. आता पहिल्यापासून."

"पुसले म्हंजी?"

"पाटी पुसतात तसे."

"सुग्रीव बी?"

"तो सुग्रीव नव्हता, आजी."

"मला सांगतीस व्हय."

दुपारी मल्लम्मानं पेटीतनं घोंगडं काढलं, खांद्यावर टाकलं आणि माळाची वाट धरली. गीताबाई लिंबाखाली कोकराच्या पायातला काटा काढत होती.

"गीता, हे तुजं घोंगडं घे. मी धाडलंच न्हाई. खोटं बोलले मी. त्यो सुग्रीव न्हवता."

काटा निघेस्तोवर गीताबाईनं मान वर केली नाही.

"ठावं हाय."

"कवापासून?"

"पैल्याच दिवशी. माजा सुग्रीव बाभळीवर चढाया भ्यायचा. मेंढरांला पाला मीच तोडायची. त्यो काय उडतोय."

मल्लम्माला हसू आलं. घोंगडं मांडीवर घेऊन ती लिंबाखाली बसली.

"मग येवढं घोंगडं कावून दिलंस?"

"माजा नसंल, कुनाचा तरी आसंलच की. पोरगी म्हनली न्हाई का, परतेकामागं मानूस हाय." गीताबाईनं कोकरू सोडून दिलं. "त्याच्या मायला कुठं ठावं, पोरगं वर गारठ्यात हिंडतंय." मग तिनं घोंगड्याकडं बघितलं. "सगळा हिवाळा तसाच काढला म्हना त्यानं."

गीताबाई ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आता तरी धाडा," गीताबाई म्हणाली. "उनाळा काय, सरतोय."

तो कुणाचाच नव्हता. आणि सकाळपासून तर तो नव्हताच. मल्लम्मानं तोंड उघडलं. लिंबाचा मोहोर तिच्या मांडीवर, घोंगड्यावर गळत होता. गीताबाईनं तो हातानं झटकला, घोंगड्याची घडी नीट केली आणि उचलून मल्लम्माच्या खांद्यावर ठेवली.

"धाडते," मल्लम्मा म्हणाली.

वाटेत आसारामची बैलगाडी आडवी आली. त्यानं कासरा ओढला.

"काकू, आसल्या उन्हात घोंगडं? निजामाच्या हत्तीला हिव भरलं काय?"

मल्लम्मा थांबली. घामानं तिचं कुंकू ओघळलं होतं.

"दुसऱ्याचं हाय बाबा," ती म्हणाली, आणि तसंच खांद्यावर घेऊन गावाकडं चालू लागली.