उसनी ज्योत

केंद्रप्रमुख साहेबांची किळस मावशीला भूकंपाआधीही यायची. भूकंपानं फक्त तिची भीड मोडली.

डोंगरापलीकडच्या, जमिनीतून गॅस काढणाऱ्या त्या केंद्रावर मावशी कॅन्टीन चालवायची आणि तिचा जावई तिथेच वेल्डर होता. जमीन हलली तेव्हा त्याच्या पायावर पाईप पडला. तेव्हापासून तो कॅन्टीनच्या टेबलावर पडून होता, आणि जखमेला असा वास सुटला होता की मावशी नाकाला पदर बांधून स्वयंपाक करायची. रस्ता दरडीखाली, पूल नदीत. त्याला शहरात न्यायचं तर हेलिकॉप्टरच हवं होतं.

आणि साहेब काय करत होते? चार जणांनी एक मोटारसायकल खांद्यावर घेऊन दरडीपलीकडे नेली, तर यांनी वायरलेसवर कळवलं, "वाहतूक सुरू!" विहिरीतून गॅसचा पत्ता नाही, तरी कळवलं, "उत्पादन पूर्ववत!" लाज कशाशी खातात हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं.

पण गॅस चालू असला की उंच नळीच्या टोकाला ज्योत जळते, आणि ती वरून दिसते. नळी तर थंडगार. म्हणून काल साहेब नाकाला रुमाल लावून कॅन्टीनमध्ये आले.

"मावशी, तुमचे सिलिंडर द्या. मोठे साहेब हेलिकॉप्टरनं येतायत. ज्योत दिसली की उतरतील, जावयांना घेऊन जातील."

"नक्की ना?"

"शब्द देतो."

बिचारीनं होते नव्हते ते सिलिंडर स्वतः ढकलत नेऊन दिले. साहेबांनी ते नळीला जोडले आणि ज्योत पेटली. हेलिकॉप्टर आलं, घिरट्या घातल्या आणि गेलं. वायरलेसवर आवाज आला, "ज्योत पाहिली, सगळं ठीक दिसतंय. अडकलेल्या गावांकडे जातोय. उद्या परतताना पुन्हा बघू." साहेबांनी टाळी वाजवली! मेल्याला आनंद झाला!

"आणि जावईबापू? सांगा की त्यांना, इथे माणूस सडतोय!"

"आता कसं सांगू? रस्ता खुला म्हणून कळवलंय. म्हणतील, रस्त्यानं आणा."

मावशीला शिसारी आली. साहेबांची आलीच, पण सिलिंडर ढकलणाऱ्या स्वतःच्या हातांचीही आली.

आज साहेबांनी उरलेल्या गॅसवर ज्योत पुन्हा पेटवली. हेलिकॉप्टरची घरघर ऐकू आली तशी ती लाकडाच्या चुलीपाशी हातातला झारा टाकून नळीपाशी धावली आणि एकेक सिलिंडर बंद केला. ज्योत विझली.

"अहो मावशी, नोकरी घालवाल माझी!"

"गेली चुलीत तुमची नोकरी!"

पुढे निघालेलं हेलिकॉप्टर वळलं आणि उतरलं. मोठे साहेब धावले ते नळीकडे. "काय झालं? गॅस का थांबला?" माणसांची साधी चौकशी नाही! त्यांच्यामागून उतरलेल्या डॉक्टरीणबाई मात्र वास येताच सरळ कॅन्टीनमध्ये शिरल्या. चादर उचलून पाहिली आणि अलगद पुन्हा पांघरली.

जावयानं मावशीचा हात धरला. "आई, पाय राहील ना?"

डॉक्टरीणबाईंनी मावशीला दारापाशी नेलं. "जीव वाचेल. पाय मांडीपासून काढावा लागणार. काल नेलं असतं तर राहिला असता. अहो, काल आम्ही इथूनच गेलो! कोणी एक शब्द बोललं असतं तर..."

साहेब दारातच उभे होते. "मावशी," ते हळूच म्हणाले, "एवढं होईल असं काल कोणाला वाटलं होतं?"

मावशी त्यांच्या बुटांवर थुंकली आणि जावयाला उचलायला आत गेली.