म्हाताऱ्याची उजव्या हाताची सही

हाताला घालतात ते प्लास्टर बोलतंय म्हणून दचकू नका. आमचं आयुष्य जेमतेम दीड महिन्याचं. मग करवत आणि कचरापेटी. मी मात्र पाच वर्षं टिकलो आणि कोर्टाची पायरीही चढलो.

माझा जन्म घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या उजव्या हातावर झाला. दुकानातल्या शिडीवरून पडून त्यांचं मनगट मोडलं. डॉक्टरांनी अंगठ्यासकट मला गुंडाळलं आणि निळ्या शाईने माझ्यावर दोन तारखा लिहिल्या: घातल्याची आणि काढायची.

त्या दिवसांत दुकान त्यांच्या मुलीने चालवलं. म्हातारा शेजारी बसून चुका काढायचा.

"बाबा, हात मोडलाय, जीभ नाही, हे कळलं सगळ्यांना," ती म्हणायची.

मला कापलं तेव्हा माझा अर्धा भाग त्यांनी मागून घेतला. वस्तू टाकणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. मी बारीक स्क्रू ठेवायचं ताट झालो.

पुढे म्हातारा गेला. पंधरवडाही उलटला नाही तोच पुतण्या मृत्युपत्र घेऊन दारात. दुकान त्याच्या नावावर, खाली काकांची वळणदार सही. शेवटच्या आजारातली तारीख लोकांना खटकेल म्हणून तारीखही चांगली चार वर्षांपूर्वीची.

"वाईट वाटून घेऊ नकोस, ताई. काकांचीच इच्छा."

"चार वर्षांत एकदा तरी आलास का रे?"

तिने दावा लावला. पण सही हुबेहूब होती. वकीलबाई म्हणाल्या, "पुरावा आणा. रडून निकाल लागत नाही."

पुरावा कुठला आणणार? हरलोच असं धरून ती एके दुपारी दुकान आवरायला बसली. माझ्यातले स्क्रू डबीत ओतले, मला उलटं केलं आणि तिथेच थांबली. निळी शाई. मृत्युपत्राची तारीख माझ्या दोन तारखांच्या बरोबर मधोमध पडत होती. कितीतरी महिन्यांनी ती हसली.

कोर्टात वकीलबाईंनी गोड आवाजात विचारलं, "सही करताना काका कसे होते?"

"ठणठणीत," पुतण्या म्हणाला.

"सही कोणत्या हाताने केली?"

"उजव्याच. माझ्यासमोर, एका दमात."

मग मी पिशवीतून बाहेर आलो. डॉक्टरांनी स्वतःचं अक्षर ओळखलं, इस्पितळाची नोंदवही उघडून दाखवली. न्यायाधीशांनी मला उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "यात अजून एक स्क्रू आहे." सगळं कोर्ट हसलं. पुतण्या तेवढा घाम पुसत होता. मृत्युपत्र खोटं ठरलं.

आज मी पुन्हा त्याच टेबलावर आहे. दुकानाच्या पाटीवर आता तिचं नाव आहे, आणि मला टाकून द्यायची कुणाची छाती नाही. तुम्हाला एवढंच सांगतो: आपल्या माणसाचा हात मोडला तर भेटून या. पुतण्या एकदा जरी आला असता, तर निदान तारीख तरी दुसरी टाकली असती.